दारामागचे आठ ठोके

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, सिनेमाच्या पार्श्वसंगीतासाठी क्लिक, म्हणजे तालाची टिकटिक, बांधणारी, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाखाली न येता स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मी संतापलेलीही आहे, पण वकीलबाई म्हणतात, त्यानं मृत्युपत्राला बाधा येत नाही.

१. राहतं घर भाचीला, म्हणजे बाळ्याच्या मुलीला. बाळ्या माझा धाकटा भाऊ. जग त्याला मोठा संगीतकार म्हणतं, म्हणू दे. न्हाणीघराचा नळ गळतो, तो तिनं बदलून घ्यावा.

२. क्लिकचं यंत्र, हेडफोन आणि माझी ठोक्यांच्या हिशेबाची सगळी पानंही तिलाच. पोरी, तू आता वादकांपुढे उभी राहतेस, म्हणून सांगते. फिल्म सेकंदाला चोवीस फ्रेम पळते. बारा फ्रेमना एक ठोका हवा असेल, तर पानाच्या माथ्यावर बारा लिहायचे. यंत्र वादकांच्या कानात तशीच टिकटिक करतं. 'मध्यम लय, भावपूर्ण' असलं काही लिहायचं नाही, तो तुझ्या बापाचा खाक्या. पहिल्या सुराआधीचे रिकामे ठोके चौकोनात लिहायचे. ते नुसते ऐकायचे असतात.

३. पियानो बाळ्याला, पण अटीवर. आम्ही दोघांनी मिळून केलेल्या शेवटच्या सिनेमात आई दार उघडते आणि परागंदा झालेला मुलगा समोर उभा असतो. थाप पडल्यापासून त्याचा चेहरा दिसेपर्यंत मी आठ रिकामे ठोके ठेवले होते. रेकॉर्डिंगला यानं हेडफोन भिरकावला. "ताई, बंद कर ती टिकटिक! मला मनाचा ताल आहे."

"अरे, पण दार कधी उघडतं ते तुझ्या मनाला ठाऊक आहे का?"

ऐकतोय कोण! बाईचा हात कडीवर असतानाच व्हायोलिनं रडायला लागली. थिएटरात कुणीतरी ओरडलं, "उघडा हो बाई, वाजवणाऱ्यांना कळलंय!" सगळं थिएटर हसलं. आणि हा निर्मात्याला काय म्हणाला? "ताईचा हिशेब चुकला." नाचता येईना, अंगण वाकडं! वर मला म्हणतो, "तुझं नाव कुणाला माहीत आहे? तुला काय फरक पडतो?"

फरक पडला. त्यानंतर मला कुणी काम दिलं नाही.

आता त्या सिनेमाचं संगीत पुन्हा रेकॉर्ड होणार आहे. बाळ्यानं तो प्रसंग माझ्या पानावरून वाजवून घ्यावा आणि सगळ्या वादकांसमोर म्हणावं, "ताईचा हिशेब बरोबर होता, घाई मी केली." नाही म्हणाला, तर पियानो वरच्या मजल्यावरच्या बाईंना द्यावा. त्या बेसूर वाजवतात, पण मोजून वाजवतात.

४. शोकसभेत भाषणं नकोत. भाचीनं माझं यंत्र लावावं. बाळ्याला रडू आवरणार नाही, लहानपणापासून हळवा आहे मेला. त्यानं आठ रिकामे ठोके होऊ द्यावेत. मग खुशाल रडावं, मी काही म्हणणार नाही.

सही: बाळ्याची ताई

साक्षीदार: शेजारचे शिंपीकाका, घरचे डॉक्टर
(बाईंनी आम्हा दोघांसमोर पूर्ण शुद्धीत व पूर्ण रागात सही केली. चौथं कलम लिहिताना मात्र त्यांनी दोनदा चष्मा पुसला.)

स्थळ: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: ९ ऑक्टोबर