कमी हवेचा विस्तव

३ फेब्रु. ९४
मिल बंद झाल्यापासून आज पहिल्यांदा हाताला कोळसा लागला. नीलूच्या लॅबमधे. पुतणी असली तरी कॉलेजात म्याडम म्हणायचं ठरलं होतं. पहिल्याच मिनिटाला "ए नीलू" झालं.
तिचा खेळ असा: कोळसा पुरता जाळायचाच नाही. अर्धपोटी हवा द्यायची, गॅस करायचा, पाण्यातून धुवायचा, गंजलेल्या लोखंडाच्या चुऱ्यातून नेऊन गंधक अडवायचं, मग सेलमधे सोडायचा. सेल म्हणजे तापवलेला चपटा डबा. एका बाजूने गॅस, दुसऱ्या बाजूने हवा, मधे वितळलेला क्षार. वीज थेट. ना वाफ, ना टर्बाइन. कोळसा कमी, धूर कमी, म्हणते. मी जन्मभर बॉयलर चालवला, माझं डोकंच फिरलं. आज कसली झोप येतेय.

७ फेब्रु.
मीटरचा काटा हलला. खेळण्यातली मोटर जोडली, तर कागदाचा पंखा फिरला. नीलू नि मी वेड्यासारखे बघत बसलो. मग पोहे मागवले, वरून भरपूर सेव. खाता खाता मी सारखा उठून पंखा बघत होतो.
सतराला पैसे मंजूर करणारी सरकारी कमिटी येणार. प्रोजेक्ट पास झाला तर ऑपरेटरची जागा, ती माझी. नाही तर मेव्हण्याने बोलून ठेवलेली शोरूमची वॉचमनकी. स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम. नकोच तो विचार.

९ फेब्रु.
घाण केली. जादा गॅस गच्चीवरच्या नळीतून काढून तिथेच जाळतो. आज तिथून धूर निघाला आणि माझा हात आपोआप ब्लोअरच्या व्हॉल्ववर. फुल हवा. कोळसा लालभडक, गॅस जागीच जळून गेला, पंखा बंद.
नीलू: "काका, हवा का दिली?"
मी: "धूर होता ना."
मिलमधे चिमणीतून काळा धूर दिसला की मॅनेजर खाली यायचा. धूर म्हणजे हवा कमी, हवा दे. इथे उलटं. धूर दिसला तर सळईने कोळसा हलवायचा, हवेला हात लावायचा नाही. कळतं सगळं. पण हाताला कोण सांगणार.

११ फेब्रु.
परत तेच, दोनदा. नीलू हळूच म्हणाली, "लॅबवाल्या प्रकाश भियाला व्हॉल्ववर उभं करू का?" मी चिडलो. "मग मला कशाला बोलावलंस?" म्हटलं नि चहा न पिता निघून आलो.
तिचं बरोबर आहे. म्हणून तर जास्त लागलं.

१६ फेब्रु., बुध.
बायकोला, शैलाला, सगळं सांगितलं होतं. हसली होती. "लाइट गेले तरी तुम्ही बटण दाबताच की, त्यातलंच हे." आज खजरान्याच्या देवळातून गणपतीचा नाडा, पूजेचा दोरा, घेऊन आली. उजव्या मनगटाला बांधला, चांगला जाड, लाल. "हात निघाला की हा दिसेल. मग थांबा."
तसाच नीलूकडे गेलो. म्हटलं, उद्या व्हॉल्ववर मीच. ती मनगटाकडे बघत राहिली. "बरं, काका."

१७ फेब्रु.
जमलं. कमिटीचे तिघे समोर, पंखा फिरतोय आणि बरोब्बर तेव्हाच खिडकीतून धूर दिसला. काळा. हात निघालाच. अर्ध्या वाटेत नाडा दिसला. सळई उचलली, कोळसा हलवला. पंखा मंदावला... मग हळूहळू धरला त्याने वेग. गच्चीवर निळी ज्योत.
मोठ्या साहेबांनी विचारलं, "कितने साल से हो इस काम पे?"
"पंधरा दिन, साब."
नीलू मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती. डोळे भरले होते तिचे. साहेब "लेटर भेजेंगे" म्हणून गेले. घरी आल्यावर शैलाला दोनदा सगळं सांगितलं, पंख्यासकट.

२६ फेब्रु., शनि.
लेटर नाही. नीलू म्हणते, सरकारी कागद, वेळ लागतो.
दुपारी शोरूमवाला घरी आला, वॉचमनचा निळा ड्रेस घेऊन. "सोमवार से आ जाओ." शैला माझ्याकडे बघत होती.
मी म्हटलं, "सोमवार को नहीं हो पाएगा भिया, भट्टी जलानी है."
ड्रेस खुर्चीवर ठेवून गेला. म्हणाला, सोच लेना.
सोमवारी भट्टी पेटणार आहे का, हे नीलूला अजून विचारलेलं नाही. नाडा सोडलेला नाही.