पाण्याची सुई

बाई, तू गेलीस त्याला अठरा वर्षं झाली. माणूस गेलं की त्याच्यावरचा रागही जातो म्हणतात, माझा काही गेला नाही. अख्खं पांढुर्णा गाव तुला नर्सबाई म्हणायचं, त्यामुळे मीही तुला कधी आई म्हटलं नाही, आणि आज लिहायला बसले तरी हात आपोआप 'बाई'च लिहितो. गेल्या आठवड्यात साखर तपासायला रक्त द्यायला गेले होते. तिथल्या पोरीनं दंडाला रबर बांधलं आणि मी हात असा काही हिसडला की तिचा ट्रे खाली पडला. "लहानपणी काही झालं होतं का, काकू?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही गं, काही नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईनं काय सांगायचं? की माझ्या आईनं मला एका दिवसात तीनदा टोचलं आणि चौथ्यांदा टोचायला निघाली होती, आणि तेही मी आजारी होते म्हणून नाही, लोकांना दाखवायला? घरी आले आणि वही काढली. तुझ्याशी भांडायचं राहून गेलंय.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा हिवाळा असेल. मी पाचवीत होते आणि त्या दिवशी शाळेचं गॅदरिंग होतं. आमच्या वर्गाचं कोळीनृत्य. पांढुर्ण्यात समुद्र कुणी बघितला नव्हता, नाच बसवणाऱ्या मॅडमनीही नाही, पण होडी वल्हवायला आम्ही महिनाभर शिकत होतो आणि मी पहिल्या ओळीत होते. शेजारच्या काकूंनी त्यांची हिरवी साडी दिली होती. सकाळी उठले तर स्वयंपाकघरात स्टोव्ह भरभरत होता आणि पातेल्यात तुझ्या काचेच्या सिरिंजा उकळत होत्या. आपल्या घरी चहाचा नंबर नेहमी सिरिंजांच्या नंतर लागायचा. मागे वळूनही न बघता तू म्हणालीस, "चाल वं, आज माह्यासंग सौंसरकडे याचं हाय. जीपमंधी बसाले भेटते."

"माहं गॅदरिंग हाय."

"चार वाजता हाय ना? तीनले वापस येतो आपण."

"मी नाही येत. काकूकडे राहते."

"काऊन जबान लढवून राहिली? बस म्हटलं त बस."

बाबा रेल्वेत, त्यांची ड्युटी आमला स्टेशनवर, म्हणजे घरात अपील करायलाही कुणी नव्हतं. मी बसले. पुढच्या सीटवर सुपरवायझर साहेब, त्यामुळे जीपचं जे आमिष होतं तेही खोटंच निघालं. मी मागे, बर्फाच्या डब्यावर पाय ठेवून. त्या डब्यात गोवराची लस होती. स्पिरिटचा आणि डिझेलचा वास एकत्र झाला की काय होतं ते माझ्या पोटानं पहिल्या अर्ध्या तासातच सांगितलं. ड्रायव्हर काकांनी गाडी थांबवून मला पाणी दिलं. तू मात्र डब्याचं झाकण उघडून बर्फ किती उरलाय ते पाहत होतीस. मला ओकारी झाली आणि तुला बर्फाची काळजी, हे मी तेव्हाच मनात लिहून ठेवलं.

पहिल्या गावात शाळेच्या ओट्यावर तू टेबल मांडलंस. बाया लांब उभ्या. सुईनं पोरं वांझ होतात, नसबंदीचीच ही नवी तऱ्हा आहे, अशी आवई सगळीकडे होती. तू अर्धा तास समजावलंस आणि मग मला हाक मारलीस. मला वाटलं कापूस धरायला बोलावते आहेस. तू माझी उजवी बाही वर केलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "पाहा, ही माही सोताची पोरगी हाय. वाईट असतं त मी हिले टोचलं असतं का?" आणि टोचलंस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा माझ्या कानाशी तोंड आणून म्हणालीस, "हस. रडली त सब्बन बाया पळतीन." मी हसले, बाई. पाचवीतली पोरगी दंड चोळत हसली आणि बाया लेकरं घेऊन रांगेत आल्या. साहेब म्हणाले, "वा सिस्टर, क्या आयडिया है." तू खूश झालीस. तुझ्या तोंडावर तसली खुशी मी घरात कधी पाहिली नव्हती, म्हणून ती मला जास्त लागली.

जीपमध्ये मी विचारलं, हे कशाचं दिलं? "पाण्याचं हाय वं, डिस्टिल वॉटर. तुले गोवर येऊन गेला, तुले दवाई कशाले पाहिजे? काही होत नाही त्यानं." काही होत नाही! साधं पाणी औषधापेक्षा जास्त झोंबतं, हे मला पुढे दवाखान्यातल्या दुसऱ्या एका सिस्टरनं सांगितलं. म्हणजे तुलाही ते माहीत असणारच. दुसऱ्या गावात डावा दंड, लोधीखेड्याजवळच्या तिसऱ्या गावात पुन्हा उजवा. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य, तीच बाही, तेच माझं हसू. घरचीच कोंबडी, कधीही कापा.

सौंसरला एका बगीचेवाल्यानं टोपलीभर संत्री दिली. तू सोलून एक एक फोड माझ्यापुढे धरत होतीस आणि मी तोंड फिरवत होते. घड्याळात साडेतीन वाजले होते. पांढुर्ण्याला चारपर्यंत पोचणं आता जीपच्या बापालाही शक्य नव्हतं, पण आमचा नाच शेवटून दुसरा होता, निघालो असतो तर कदाचित मिळाला असता. साहेब जांभई देत म्हणाले, "सिस्टर, अब बस. मोहगाव की तरफ कल जाएँगे." मी लगेच उठून जीपमध्ये जाऊन बसले. आणि तू म्हणालीस, "साहेब, बर्फ आज हाय. उद्या नाही राहणार. त्या गावात गोवर निघाला हाय." साहेबांनी माझ्याकडे बघितलं, ड्रायव्हर काकांनी बघितलं. तू नाही बघितलंस. गाडी मोहगावच्या रस्त्याला लागली आणि मी रडले नाही. काकूंची साडी घडी करून घरी ठेवलेली होती, तिचाच विचार करत राहिले.

मोहगावच्या पुढच्या त्या खेड्याचं नाव मी लिहीत नाही. चार-पाच घरांच्या दारांना कडुनिंबाचे डहाळे बांधले होते. आडनाव विचारून झाल्यावर तुला प्यायला पाणी मिळालं, ते वरून, ओंजळीत. आपण बौद्ध, हे त्यांना पुरेसं होतं. तू ते प्यायलीस आणि तोंड पुसून कामाला लागलीस. बाया म्हणाल्या, घरात देवी आली आहे, देवी असताना सुई चालत नाही. तू सांगितलंस की ज्या लेकरांना अजून गोवर निघाला नाही त्यांच्यासाठीच तर आलो, आज टोचून घेतलं तर बरीच वाचतील. तरी कुणी हलेना. मग तू माझ्याकडे बघितलंस. दिवसभरात पहिल्यांदा नीट बघितलंस, पण ते कशासाठी ते मला ठाऊक होतं. "ये वं," म्हणालीस, आणि तेच वाक्य सुरू केलंस. गर्दीतून एक म्हातारी म्हणाली, "त्यायच्या पोरीले होते सहन. आपल्या लेकराले होईन का?" बाया हसल्या. आणि बाई, तूही हसलीस! त्या म्हातारीला चार शब्द सुनवायचे सोडून तू हसलीस आणि माझं मनगट धरलंस.

मी ओरडले. "ही दवाई नाही, पाणी हाय! सकाळपासून मले पाणीच टोचून राहिली ही! खोटं बोलून राहिली!"

एवढा आवाज माझ्यात कुठून आला कुणास ठाऊक. तू माझं मनगट सोडलंस आणि लोकांना म्हणालीस, "हो, पोरीले पाणीच हाय. तिले गोवर येऊन गेला. पण तुमच्या लेकरायले दवाई हाय, आईच्यान." खरं होतं, पण आता खऱ्याला कोण विचारतं? बायांनी लेकरं कडेवर घेतली आणि निघाल्या. एक तरुण बाई तेवढी थांबली, तिनं आपल्या बाळाचा हात पुढे केला, नि तू त्याला टोचलंस. बाकी उरलेली लस तू परतीच्या रस्त्यात नाल्याकाठी खड्डा करून पुरलीस, कारण बर्फाचं पाणी झालं होतं. तू मला मारलं नाहीस. शिव्याही दिल्या नाहीस. पांढुर्ण्यात आपण शाळेवरून गेलो तेव्हा पोरं मंडपाच्या खुर्च्या आवरत होती.

पुढे पंधरा दिवसांनी ड्रायव्हर काका बाबांना ओट्यावर सांगत होते, ते मी दारामागून ऐकलं. त्या गावातली एक दीड वर्षाची पोरगी गोवरानं गेली. बाबांनी विचारलं, त्या दिवशी टोचली असती तर? काका म्हणाले, काय सांगावं, अंगात आधीच असंन. तू चुलीपुढे बसून भाकरी थापत होतीस, तूही ऐकलं. थापणं थांबलं नाही. त्यानंतर तू दर आठवड्याच्या सुट्टीला बसनं एकटीच त्या गावाला जायचीस, आणि उन्हाळ्यापर्यंत तिथल्या बाया तुला ओट्यावर बसवून चहा देऊ लागल्या, असं काकाच सांगायचे. मला तू पुन्हा कधी कुठे नेलं नाहीस आणि त्या पोरीबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. तुझा हाच दुष्टपणा मला सगळ्यांत जास्त सलतो. 'तुझ्यामुळे झालं' असं एकदा म्हणाली असतीस तर मी कचकचून भांडले असते. लेकराला फसवून सोबत आणणारी तू, दिवसभर खोटं दाखवणारी तू, नाच बुडवणारी तू, आणि शेवटी मी दोषी? हे सगळं मुद्देसूद बोलायला मी तयार होते, वर्षानुवर्षं तयार होते. तू संधीच दिली नाहीस. चोर सोडून संन्याशाला सुळी, पण इथे सुळीही गुपचूप, कुणाला न सांगता.

तू शेवटी नागपूरच्या दवाखान्यात होतीस, हातात सलाईन. एका दुपारी मी तुझी वेणी घालत होते आणि तू अचानक विचारलंस, "त्या दिवशी लय दुखलं होतं का वं तुले?" कोणत्या दिवशी, ते मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "हो. लय दुखलं होतं." तू भिंतीकडे तोंड केलंस. तशीच म्हणालीस, "माहीच चूक होती. लेकराच्या जिवाले सहन कराची हद्द असते." मी वेणी पूर्ण केली, रिबीन बांधली. चार दिवसांनी तू गेलीस.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. दंड दुखत होता, ते खरं. पण मी त्यासाठी ओरडले नाही, बाई. मी तिथे उभी राहून आधी मोजमाप केलं होतं. ती एवढी गर्दी, तिच्यापुढे तू, आणि एक मी गप्प राहिले नाही तर तुझं सगळं काम पडतं, हे मला स्पष्ट दिसलं होतं. तुला सगळ्यांसमोर पडलेलं बघायचं होतं मला. आणि तू मनगट सोडलंस तेव्हा मला बरं वाटलं होतं.