देव्हाऱ्यातला सिंहांचा रुपया

कोलकाता, १८ ऑगस्ट

ती. दादांना विनायकचा वाकून नमस्कार.

इथे येऊन महिना झाला आणि पत्र आज लिहितो, माफ करा. फोनवर तुमचा आवाज ऐकला की पाऊसपाण्याचं बोलून फोन ठेवतो.

देव्हाऱ्यातला अण्णांचा १९५० सालचा रुपया वहिनी शोधत असतील. तो मी न विचारता आणला. नात श्रुतीला दाखवून परत नेणार होतो. तिला मराठी वाचता येत नाही, म्हटलं हातात तरी काही द्यावं.

तिला सांगितलं, इंग्रजांच्या वेळी आपले अण्णा पूजेत रुपया ठेवताना राजाचं तोंड खाली करायचे. हा सिंहांचा आला तेव्हा छाप वर ठेवला आणि आईला म्हणाले, "आता हा आपला."

पोरगी आता भाजीवाल्याने दिलेली नाणीसुद्धा सिंह वर करून ठेवते. सलील हसला तर बापावर रागावते.

पंधरा ऑगस्टला तिने रुपया शाळेत नेला. बाईंनी काचेच्या कपाटात कायमचा ठेवायला मागितला आणि ही परस्पर हो म्हणून आली. मी म्हटलं, "अगं, तो मोठ्या आजोबांचाही आहे." तर म्हणते, "देव्हाऱ्यात कोण बघतं, आजोबा? इथे सगळी शाळा बघेल."

तेव्हापासून जेवण जात नाही.

तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनी फार रागावल्या का? शाळेला महिनाअखेर सांगायचं आहे. द्यायचा की परत आणायचा, तुम्हीच ठरवा. सलीलला फोन केलात तरी चालेल, पण लवकर कळवा.

तुमचा,
विनायक