मला ठाऊक नसलेलं गुपित

ती. मामांस साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे मनातल्या मनात घातला आहे, गोड मानून घ्यावा.) तुमचा खोकला कसा आहे? आणि मामींचा राग?

इकडे माझं डोकं पार चक्रावलंय. माझं गजराचं घड्याळ दुरुस्तीला टाकायला कोपऱ्यावरच्या घड्याळजींकडे गेलो, तर आत स्टुलावर आई चहा पीत बसलेली! मला बघून दचकली. घरी आल्यावर म्हणाली, "पाहिलंस ना? आता पोटात ठेव. ताईला कळता कामा नये." मी मान डोलावली. (मोठ्यांपुढे ती आपोआपच डोलते.) दुसऱ्या दिवशी ताईच्या ऑफिसातून फोन आला, "पक्कं झालं म्हणून सांगा." मी सांगितलं, तर तिचा चेहराच उतरला. "आईजवळ ब्र काढू नकोस!" पुन्हा मान. वर घड्याळजींनी रस्त्यात गाठून "सध्या गुलदस्त्यातच असू द्या" म्हणून हात दाबला.

मामा, काय लपवायचं हेच ठाऊक नसेल तर माणसानं लपवायचं कसं? कुठल्या शब्दानं बिंग फुटेल, काय सांगावं! म्हणून मी बोलणंच सोडलं. आईनं "भाजीत मीठ बरंय का?" विचारलं की ताईकडे बघायचं, ताईनं "पंखा लावू?" विचारलं की आईकडे. दोघींना वाटलं, हा आता फुटणार. काल जेवताना मला ठसका लागला. तांब्याकडे बोट करून मी नुसतं "ते... ते..." म्हणालो, आणि दोघी एकदमच बोलू लागल्या!

आई घड्याळजींशी लग्न करतेय. ताईला परगावच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्याची जागा मिळालीय, पण आई एकटी पडेल म्हणून ती नाही म्हणणार होती. आणि लेक बिनलग्नाची घरात असताना आपण कसं बोहल्यावर चढायचं, म्हणून आई अडून बसलेली. दोघी गळ्यात पडून रडल्या, मग हसत सुटल्या. पाणी मात्र मलाच उठून घ्यावं लागलं.

मामींस नमस्कार.

आपला (अजूनही न फुटलेला)
भाचा

ता. क. आई त्यांच्याकडे जाणार, ताई परगावी, हे भाड्याचं घर सोडायचं. माझं काय, यावर कुणी अवाक्षर काढत नाही. तुमची माडीवरची खोली रिकामीच असते ना?

आणखी ता. क. मामींना एवढ्यात काही बोलू नका. मी सामानासकट दारात उभा राहिलो की त्यांना कळेलच.