हमरस्त्यावरून पांढरा दोरा नेऊ देण्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
हमरस्ते विभाग, नोंग साय

अर्जदार: खामपाय सीलावोंग, वय ७१, राहणार तिठ्याजवळ, बान फाक वेन

विषय: तिठ्यावरील साबणाच्या जाहिरातफलकापासून आमच्या घरापर्यंत दोरा बांधण्यासाठी एक सकाळ वाहतूक थांबवणेबाबत.
संदर्भ: माझा आधीचा अर्ज व त्यावरील आपले उत्तर.

महोदय,

१. मी दुसरीपर्यंत शिकले. तरी हा अर्ज माझ्या हातचा आहे. पूर्वी माझे कागद नात लिहायची. आता ती लिहीत नाही, का ते खाली येईलच.

२. आपण कळवलंत की 'चित्रातील महिला पूर्ण कपड्यांत असल्याने फलक आक्षेपार्ह नाही.' साहेब, कपडे मलाही दिसतात. तो निळा सदरा मीच शिवलाय. आतली माझी नात मात्र आमची राहिलेली नाही. एकच चेहरा मधोमध चिरलाय. डावीकडे आमच्या घरचा रंग, खाली लिहिलंय 'आधी'. उजवीकडे सोललेल्या अंड्यासारखा गाल, खाली 'नंतर'. आधीची बाजू उदास, नंतरची हसरी. कंपनीची माणसं फोटो काढायला आली तेव्हा ती बाजारात मिरच्या विकत होती आणि दोन्ही बाजूंनी हसत होती. साऱ्या बाजारानं पाहिलंय.

३. तिचं कागदावरचं नाव रत्तिया. जन्मली तेव्हा मी तिला काळी म्हटलं. आपण बँकॉकचे, म्हणून सांगावं लागतं. आमच्याकडे लेकरू सुंदर आहे असं मोठ्यानं बोलत नाहीत. नको त्याच्या कानी गेलं तर त्याला ते हवंसं वाटतं. म्हणून आम्ही लेकरांना बेडूक म्हणतो, डुक्कर म्हणतो. काळी हे नाव मी तिच्याभोवती घातलेलं कुंपण होतं. एकोणीस वर्षं टिकलं. कंपनीनं तिला धुऊन पुसून, तीन रस्ते मिळतात तिथं, ताडाच्या उंचीवर, दिवे लावून मांडली. तिठ्यावर कोण वसतीला असतं ते आपल्या ड्रायव्हरला विचारा. तो तिथं हॉर्न उगाच नाही वाजवत.

४. तेव्हापासून तिला कोणी नावानं हाक मारत नाही. पोरं ओरडतात, "ए आधी, तुझी नंतर कुठाय?" बाया म्हणतात, "आधी, पावशेर मिरच्या दे गं." सरपंचाची बायको बुनलाय वर मलाच सांगते, "आजी, रागावताय काय? आपल्या गावची पोर एवढी मोठी झाली!" मी म्हटलं, "तुझा चेहरा चिरला तर दोन्हीकडे 'आधी'च लिहावं लागेल गं बाई." आता बाया खाचरात उतरतात त्या डोळे सोडून सगळं गुंडाळून. त्या साबणानं आमच्या आळीतल्या मुलींनी गाल सोलून घेतलेत. यंदा जन्मलेल्या पोरींची घरची नावं काय, तर दूध, बर्फ, मोती. एकाही पाळण्याला कुंपण नाही.

५. नात आता डाव्या गालावर तळवा ठेवून बसते. जेवतानाही काढत नाही. दवाखान्यात म्हणाले, काही झालेलं नाही. आमचे जाणते सोमदी म्हणाले, हिचं ख्वान गेलंय. ख्वान म्हणजे माणसात माणूस बांधून ठेवतं ते. दचकलं की उडतं. मग केळीच्या पानांचा मनोरा मांडून, चिकट भात, उकडलेलं अंडं ठेवून त्याला नावानं बोलवायचं आणि मनगटाला पांढरा दोरा बांधून आत कोंडायचं. तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा अंडं सोललं तर अर्धं गुळगुळीत, अर्धं खड्ड्याखड्ड्यांचं. ख्वान येणार कसं? वाटेत तिठ्यावर त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो, एवढा मोठा, एवढा उजळ. तेच घर समजून तिथंच बसतं.

६. फलक उतरवा असं आता म्हणत नाही. करार आहे म्हणालात. माझी मागणी लहान आहे. दोऱ्याचं एक टोक खांबाला, दुसरं नातीच्या मनगटाला. मध्ये आपला रस्ता येतो. गेल्या खेपेस उसाचा ट्रक दोऱ्यावरून गेला. दोरा तुटला रस्त्यात, आणि घरात बसलेली पोर मनगट धरून किंचाळली. तरी हाका संपेपर्यंत गाड्या थांबवाव्यात. मंत्री यायचे असले की थांबवता, मी पाहिलंय.

७. म्हातारीला वेड लागलं असं आपल्या मनात येईल. परवा संध्याकाळी मी खांबाखाली उभी राहून हाक मारली, "काळी, जेवायला चल." पोर रस्त्यापलीकडे घरात होती. ओ वरून आली. सोमदींनी ऐकली. बुनलायनंही ऐकली, आणि ती बाई त्यानंतर त्या वाटेनं फिरकलेली नाही.

८. परवानगी द्या किंवा नाकारा, उत्तराच्या पाकिटावर माझं नाव घालू नये. 'कुमारी काळी हिस' असं घालावं. आमचा टपालवाला दारात उभा राहून नाव मोठ्यानं वाचतो. माझ्या हाकेला ती ओ देते, पण खाली उतरून घरी येत नाही. सरकार त्या फलकापेक्षा मोठं आहे, असं ऐकून आहे.

कुणापुढं न वाकलेली, आज आपल्यापुढं वाकलेली,
खामपाय सीलावोंग
(सही माझीच, अंगठा नाही)
बान फाक वेन, १२ मार्च, बुद्ध संवत २५६७

सोबत:
१. दोऱ्याचं तुटलेलं टोक.
२. नातीचा फोटो, बाजारात, मिरच्यांच्या टोपलीसह. दोन्ही बाजूंनी हसते आहे. पाहून परत करावा, घरात दुसरा नाही.