आंगणाचा उतार

बाबा, मी घर घेतलं. तुम्ही गेल्याला अठरा वर्षं झाली, घराला तीन. यवतमाळातच, आर्णी रोडच्या बाजूच्या एका लेआउटमध्ये. त्याबद्दलच लिहायला बसलोय.

तुम्ही ओव्हरसियर, म्हणून घर घ्यायचं ठरलं की ऑफिसातले लोक आधी तुम्हाला दाखवायला न्यायचे. मी आठवीत असेन. बाभुळगावला तुमच्या एका सहकाऱ्यासाठी घर पाहायला निघालात आणि मला स्कूटरवर मागे बसवलंत. मालक हौसेनं खोल्या दाखवतोय, नवा ओटा दाखवतोय, आणि तुम्ही बाहेरच. आंगण फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत सिमेंटनं बंद केलेलं. तुम्ही बादलीभर पाणी मागता, ते ओतता आणि उकिडवे बसून पाहत राहता. पाणी सरळ शेजारच्या कुडाच्या घराकडे निघतं. "एवढ्या जागेवरचं पानी जाईन कुठं?" तुम्ही मालकाला विचारता. "मुरायले तं तुम्ही जागाच नाही ठेवली." मालकाचं तोंड उतरलं. मला इतकं ओशाळं वाटलं की चला ना बाबा, म्हणत मी तुमचा शर्ट ओढत राहिलो. परतीच्या वाटेवर तुम्ही स्कूटर बाजूला घेतलीत. आवाज चढवला नाहीत. "लाज कायची वाटली तुले? घेनाऱ्यानं इचारलं नाही, तं शेजारच्यानं सोसाचं काय?" सहकाऱ्यानं ते घर घेतलं नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

माझं घर पाहायला गेलो तेव्हा हे आठवलं नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आठवलं होतं. आंगणभर गुळगुळीत फरशी होती, कडुलिंबाच्या बुंध्यालाही सिमेंटचा गळफास. तुमच्या सुनेला आवडलं. चिखल नाही, गाडी सरळ आत. मालकीणबाईंनी चहा ठेवला होता. एवढ्या भल्या माणसांसमोर पाणी ओतून काय पाहायचं, असं वाटलं आणि मी चहा घेतला. पहिल्याच उन्हाळ्यात बोअर आटली, फरशी संध्याकाळपर्यंत भाजत राहायची. ते आमचं आम्ही सोसलं.

आमच्या मागे, दोन हात खाली, एक म्हातारी एकटी राहायची. मूळची बंजारा तांड्यावरची. गल्ली तिला याडी म्हणायची, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. पहिल्या पावसाळ्यात ती फाटकाशी आली. पदर सावरत, जणू तिचीच चूक असावी तशी म्हणाली, "भाऊ, तुमच्या आंगनातलं पानी माह्या सयपाकघरात येऊन राह्यलं." मी म्हणालो, नालीचं असेल, नगरपालिकेला सांगतो. दुसऱ्या पावसाळ्यात मी स्वतः जाऊन पाहिलं. चुलीजवळ घोटाभर पाणी, ती ताटलीनं उपसतेय. दिवाळी झाली की अर्धी फरशी काढतो, असा शब्द दिला. दिवाळीला पाहुणे आले, मग होळी आली, मग फरशी तशीच राहिली.

यंदा जूनमधल्या एका सकाळी ती त्याच पाण्यावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. पुण्याहून तिचा मुलगा आला आणि तिला घेऊन गेला. गाडीत झोपवताना तिनं मला हात केला, आणि माझ्या कोंबड्यांकडे लक्ष ठेवा म्हणाली. दोन महिन्यांनी ती तिकडेच वारली.

त्यानंतर मी फरशी फोडली. गडी लावले नाहीत, रविवारी स्वतःच घण घेऊन बसायचो. खालची माती विटेसारखी टणक झाली होती. पहिले कित्येक दिवस तीही पाणी घेईना. आता घेते. यंदाच्या शेवटच्या पावसात मागे एक थेंब गेला नाही. मागचं घर मात्र कुलूपबंद आहे.

तिच्या मुलानं दिवसकार्यानंतर फोन केला होता. तिच्या घरात पाणी आलं कुठून, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी म्हणालो, नाली तुंबली होती. त्यानं आभार मानून फोन ठेवला. त्याचा नंबर माझ्याकडे आहे, पत्ताही आहे. तुमचा नाही, म्हणून हे तुम्हाला लिहितोय.