तिसरी मूठ

१३ जुलै २०२५, रविवार

जळगावला जाऊन आलो. आख्खा दिवस गिरण बंद. कशासाठी? तर आमच्या हेमांगीच्या आयुष्यात संघर्ष कमी पडतो, हे ऐकून घेण्यासाठी!

बारावीच्या पोरांसाठी मार्गदर्शन मेळावा होता, मंगल कार्यालयात. मागच्या कुठल्यातरी लग्नाची कमान दारावर तशीच. आत कोट घातलेला मार्गदर्शक, माझ्या निम्म्या वयाचा. मला ‘सर’ म्हणत होता. कॉलेजच्या अर्जात घरचा संघर्ष लिहावा लागतो म्हणे. वडील काय करतात? – पिठाची गिरण, अमळनेरजवळ, गावातच. स्वतःची? – स्वतःची. त्याचा चेहरा पडला. कर्ज? – नाही. शेती? – बटाईने दिलीय, बरी चालते. मग जरा वाकून, हळू आवाजात, “सर, वाईट वाटून घेऊ नका. व्यसन वगैरे?”

मी म्हटलं, सोमवार धरतो, तेवढंच. आमच्या आबांची तंबाखू आहे. चालत असेल तर घ्या लिहून.

पोरगी मान खाली घालून हसली. मग तिला राग आला. माझाच! बसमध्ये अमळनेर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

१४ जुलै

तिला हवं ते कॉलेज बंगळूरच्याही पुढे. शिकायचं काय, तर भाषा. एखादी अमुक भाषा नाही – भाषा म्हणजे काय, ती बनते कशी, बदलते कशी, असं. मायला सांगितलं. माझी आई, ऐंशीला टेकली आहे, पण कान शाबूत. म्हणाली, “भाषा शिकाले इतलं दूर? आठे काय बठ्ठा मुका शेतस?” म्हणजे इथले आम्ही सगळे मुकेच!

पहिल्या फेरीचा अर्ज आठ ऑगस्टच्या आत भरायचा. बारावी आत्ता कुठे सुरू झाली! आणि पहिल्या फेरीत भरला की शब्द द्यायचा – तुम्ही घेतलं तर दुसरीकडे कुठे जाणार नाही. पालकानेही फोनवर ‘मान्य’ म्हणायचं. मुलगी बघायला येणारे लोकसुद्धा आधी पोहे खातात. हे तोंड बघण्याआधी सुपारी फोडायला निघाले.

“मग दुसऱ्या फेरीत भर,” मी म्हटलं. “निकाल लागल्यावर.”

“फीमाफीच्या जागा पहिल्या फेरीतच संपतात, पप्पा. नंतर पैसेवाल्यांची पोरं उरतात.”

“आपण काय गरीब आहोत का?”

“तेच तर काल त्या सरांना सांगून आलात!”

मी गिरणीचा पट्टा सैल झालाय का, ते बघायला उठलो. झालेला नव्हता.

१७ जुलै

कोकिळा माझ्यापेक्षा हुशार. बायको ‘नाही’ म्हणत नाही. ती म्हणते, “धुळ्याला काय कमी आहे?” तिचा भाऊ कुंदन धुळ्याला असतो. त्याच्या घरात वरची खोली रिकामी आहे. आजकाल दर जेवणाला आमच्या ताटात ती खोली येते. खोलीला खिडकी आहे. खिडकीतून फार्मसीचं कॉलेज दिसतं. (दिसत नाही. मी पाहिली आहे खोली. कडुनिंब दिसतो.)

हेमांगी म्हणाली, “मम्मी, मला गोळ्यांच्या पट्ट्या कापायच्या नाहीत.”

“मग काय कापायचंय?”

“काहीच नाही! सगळं कापलंच पाहिजे का?”

कुंदनचा फोन आला तेव्हा गिरण चालू होती. ऐकू येत नाही म्हणालो. गिरणीचा हा एक मोठा उपयोग आहे.

२० जुलै

आज आबांकडे गेलो. म्हणजे ओट्यावर गेलो, ते तिथेच असतात. म्हटलं, आबा, घरात मोठे तुम्ही. तुम्ही एकदा पोरीला ‘नको’ म्हणा, विषय संपेल.

आबांनी चुना नीट मळून घेतला. मग म्हणाले, “पोर कोनी शे?”

“माझी.”

“मंग तूच बोल. मना खांदावर बंदूक ठेवू नको रे.”

पन्नाशीला आलो. अजून बापाच्या खांद्याची उंची मोजतो आहे.

२३ जुलै

हेमांगी बोलत नाही. डबा मात्र वेळेवर गिरणीत आणून ठेवते. आज अर्धी भाकर डब्यातच परत पाठवली.

२६ जुलै

श्रावण लागला. सकाळी दिवा लावून देवापुढे बसलो. ‘पोरीला सद्बुद्धी दे’ म्हणायला गेलो आणि मध्येच थांबलो. नक्की कोणाकडे कमी आहे ते देवाला माहीत असणार. मागितली तिच्यासाठी आणि पोचली माझ्याकडे, तर पंचाईत!

माझं म्हणणं तरी काय आहे? घाई नको, एवढंच. ओंब्या भरल्याशिवाय कोणी गहू कापत नाही. तिला हे सांगितलं. ती म्हणाली, “पप्पा, हुरडा?”

या पोरीला भाषा शिकवायची अजून गरज आहे, असं त्या कॉलेजला का वाटावं!

शेवटी म्हटलं, कानबाईचा सण होऊ दे, मग बघू.

“कानबाई तीन तारखेला. शेवटचा दिवस आठ. देवीच्या पदराआड किती दिवस लपणार?”

कोकिळा ओरडली तिच्यावर. मी नाही ओरडलो. नेम बरोबर लागला होता.

३० जुलै

आज तिला निबंधाचा विषय सापडला. अर्जासोबत स्वतःबद्दल लिहून पाठवायचं असतं, त्यावर बरंच ठरतं म्हणे. तिने लिहिलाय इंग्रजीत, पण चुलीशी बसून आईला मराठीत सांगत होती. मी मागच्या दारात पाय धूत होतो.

आमच्या घरची रीत – कानबाईच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजायचे. एक नाव, एक मूठ. ज्याची मूठ, त्याने रोट खायचे. सुरतेला असो, मुंबईला असो, तो माणूस त्या दिवशी घरी येतो. घरात आलेल्या सुनाही खातात. लेकी परक्या घरी जाणार, म्हणून लेकींची मूठ नाही, रोटही नाहीत. आमच्याकडे दोनच नावं – आबा आणि मी. घेऊन होतात पटकन.

हेमांगीने तेच लिहिलंय. मी या घरात जन्मले, या घरात राहते, या घरच्या गिरणीचं पीठ माझ्या केसांत असतं, पण देवीच्या गव्हात माझं नाव नाही. मोजणीतच नसलेली मुलगी दूर गेली तर कोणाचं काय कमी होणार?

 कोकिळाच्या हातातल्या भांड्याचा आवाज थांबला.

मार्गदर्शकाला मी संघर्ष दिला नाही. पोरीने घरातच शोधला – तोही एकदम खरा. खोटं असतं तर दोन शब्द सुनावता आले असते.

आणि चांगलं लिहिलंय, हे तर आणखी वाईट. हे वाचून कोणीही तिला घेईल.

३१ जुलै

कामात लक्ष नाही. झुलालच्या ज्वारीत दुसऱ्याची बाजरी मिसळली. झुलाल आमचा भाऊबंद, त्याने आख्ख्या गल्लीला सांगितलं.

निबंध नाही तर अर्ज नाही. आठ तारीख.

१ ऑगस्ट

गिरण धुतली. दगड उचलून धुतले, छिन्नीने टाकी लावली, पीठ पडतं ते पाळं घासलं, भिंतीवरचं पीठसुद्धा झाडलं. आता दोन दिवस फक्त रोटांचं दळण. आख्खं गाव ओल्या फडक्यात गहू बांधून आणतं. मी अंघोळ करून, उपाशीपोटी दळतो. माझ्या हातून पुण्य म्हणून काही घडत असेल तर ते वर्षातले हे दोन दिवस.

२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी आमच्या घरचे गहू मोजले. माय सुपात मूठ टाकते, मी नाव घेतो. दरवर्षीचं आहे.

“अभिमन.” आबांची मूठ पडली.

“प्रेमराज.” माझी पडली.

“हेमांगी.”

मायचा हात गव्हातच होता. पडली तिसरी मूठ.

 आबांनी तंबाखूची चिमूट तोंडाजवळ नेलेली, तशीच धरली. कोकिळा उंबऱ्यात उभी. आबाच शेवटी म्हणाले, “आते?”

माय म्हणाली, “आते काय? नाव लिधं, मूठ पडनी. देवीना गहू मांगे लेतस नही.” आणि सूप उचलून मला दिलं. दळून आणलं.

दुपारपर्यंत गावभर. झुलाल दळणाला आला तोच हसत. “काय रे प्रेमराज, तिसरी मूठ कोनी? आते पोरीले वावरबी लिखी दे!” रांगेतले सगळे हसले. मीही हसलो.

मूठ पडली खरी. जास्त लिहीत नाही.

२ ऑगस्ट, पुन्हा

पोरगी गिरणीत आली. रडवेली, आणि भडकलेली. “पप्पा, माझा निबंध खोटा केला तुम्ही!”

“मी काय केलं? तोंडातून नाव गेलं.”

“सतरा वर्षं नाही गेलं, ते आजच जायचं होतं?”

म्हटलं, होतं असं कधीकधी. “मग आता दुसऱ्या फेरीला निवांत लिही काहीतरी. घाई कशाला?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बघून पिशवीचं तोंड बांधत बसलो. बांधलेलंच होतं ते.

४ ऑगस्ट

कानबाई आली आणि गेली. काल स्थापना, आज सकाळी वाजतगाजत नदीवर. मायने ऐंशीव्या वर्षी फुगडी घातली, आबांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

काल नैवेद्यानंतर पहिल्यांदा हेमांगीच्या ताटात रोट. सोबत गंगाफळाची भाजी, खीर. आजवर हे ताट तिच्यासमोरून जायचं, ती दाराशी बसून बघायची. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो – परीक्षेच्या निकालाला नसतील बघत एवढे. तिने घास घेतला. सावकाश चावला.

“नुसती पोळीच तर आहे,” ती म्हणाली. “एवढ्यासाठी सतरा वर्षं?”

आबांना ठसका लागला. मायने त्यांना पाणी दिलं आणि पोरीला अजून एक रोट वाढला. “खाय. तुनी मूठनी शे. दुसराले चालत नही.”

तिने तोही खाल्ला. आधी म्हटलं रागाने खातेय. पण राग असा बोटं चाटत नाही.

५ ऑगस्ट

कोकिळा उलटली! आज म्हणते, “जाऊ द्या तिला.” मी विचारलं, आणि धुळ्याची खोली? म्हणाली, “कुंदन भाड्याने देईल.” मी म्हटलं, असं अचानक काय झालं? “आता तिची मूठ आहे. कुठेही गेली तरी वर्षाला यावंच लागेल ना? मग भीती कसली?”

बायकांचं गणित. उत्तर बरोबर येतं, रीत दाखवत नाहीत.

म्हणजे घरात नको म्हणणारा आता एकटा मीच. आणि ते मी म्हणतसुद्धा नाही. फक्त, लिहायला काही नाही तर काय पाठवणार, असं अधूनमधून हळहळतो. मोठ्या प्रेमळ आवाजात.

७ ऑगस्ट

तिने नवा निबंध लिहिला. गिरण बंद करायला लावली, समोर बसवलं आणि मराठीत सांगितला. पहिला अर्धा तसाच – गहू, मुठी, दाराशी बसलेली पोर. मग हे :

‘या वर्षी माझ्या वडलांच्या तोंडून चुकून माझं नाव निघालं. ते फार बोलत नाहीत. देवाचं सगळं नियमाने करतात. त्यांना मी दूर जायला नको आहे, पण तसं त्यांना म्हणता येत नाही. त्यांच्या तोंडून चूक झाली आणि घरात कोणीही ती सुधारली नाही. भाषा अशी बदलत असेल, असं मला वाटतं. मला ते शिकायचं आहे.’

“बरोबर आहे ना, पप्पा? काही खोटं नाही ना यात?”

पीठ डोळ्यात गेलं म्हणालो. गिरण बंद होती.

८ ऑगस्ट, शुक्रवार

शब्द दिला. फोनवर ‘मान्य’वर बोट ठेवायचं होतं. पिठाचं बोट, दोनदा उमटेना. हेमांगीने पदराने पुसल्यासारखं ओढणीने पुसून दिलं. मग उमटलं. अर्ज गेला.

आबांनी तिच्या येण्याचं विचारलं, “दिवाळीले ई ना?” माय म्हणाली, “दिवाळीनं काय सांगतस? कानबाईले ई.”

९ ऑगस्ट, पौर्णिमा

रोट पौर्णिमेपर्यंत संपवायचे असतात. आज संपले.

चुकून नव्हतं. ती जाऊ नये, निबंध अडावा, म्हणून देवीच्या गव्हावर मी पोरीचं नाव घेतलं. कानबाईने ते खरं धरलं.